सभागृहाचे दादासाहेब

१८ डिसेंबर १९५४. शनिवारचा दिवस. दिल्लीच्या संसद भवनात लोकसभेची बैठक भरली होती आणि सभापतींच्या उंच आसनावर नेहमीचा माणूस नव्हता. गणेश वासुदेव मावळंकर यांच्या जागी उपसभापती अनंतशयनम अय्यंगार बसले होते. कारणही तसेच होते. त्या दिवशी सभागृहापुढे जो ठराव होता तो खुद्द मावळंकरांविरुद्धच होता. सभापती निःपक्षपाती राहिलेले नाहीत, सदस्यांच्या हक्कांची ते कदर करीत नाहीत, वादाच्या प्रश्नांवर सरकारचीच बाजू उचलून धरतात, म्हणून त्यांना पदावरून दूर करावे, अशी मागणी समाजवादी सदस्य विघ्नेश्वर मिश्र यांनी केली होती. ज्याच्याविरुद्ध असा ठराव असेल त्याने त्या वेळी आसनावर बसायचे नाही, ही राज्यघटनेचीच आज्ञा आहे. स्वतःच्या खटल्यात स्वतःच न्यायाधीश होता येत नाही, इतके साधे तत्त्व त्यामागे आहे.

स्वतंत्र भारताच्या लोकसभेतला सभापतींविरुद्धचा हा पहिला ठराव. आणि तो कोणाविरुद्ध? ज्यांना पुढे सगळा देश लोकसभेचे जनक म्हणून ओळखू लागला, त्या दादासाहेब मावळंकरांविरुद्ध!

आज दूरचित्रवाणीवर संसदेचे कामकाज लागले की घरातली मुले विचारतात, हे सगळे एकाच वेळी का ओरडतात, आणि तो उंच खुर्चीवरचा माणूस त्यांना गप्प का बसवत नाही? प्रश्न भाबडा नाही. पाचशेच्या वर माणसे, प्रत्येकजण लाखोंच्या मतांवर निवडून आलेला, प्रत्येकाला बोलायचे आहे आणि प्रत्येकाला आपलेच म्हणणे खरे वाटते. अशा सभेला शिस्त लावायची कशी? दंडुक्याने ती लागत नाही. मग कशाने लागते? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात ज्या माणसाचे अर्धे आयुष्य गेले, त्याची ही कहाणी.

रत्नागिरी ते अहमदाबाद

मावळंकरांचे घराणे मूळचे कोकणातले. रत्नागिरी जिल्ह्यात संगमेश्वरकडचे मावळंगे हे त्यांचे गाव. आडनावातच गाव आले. दादासाहेबांचा जन्म मात्र बडोद्याचा, २७ नोव्हेंबर १८८८ चा. सुरुवातीचे शिक्षण राजापूर आणि मुंबई इलाख्यातल्या इतर काही गावी झाले. १९०२ मध्ये ते पुढील शिक्षणासाठी अहमदाबादेस गेले आणि अहमदाबादचेच झाले. तिथल्या गुजरात कॉलेजातून १९०८ मध्ये विज्ञान विषय घेऊन पदवी, मग वर्षभर दक्षिणा फेलो, १९१२ मध्ये कायद्याची परीक्षा पहिल्या वर्गात, आणि १९१३ पासून वकिली. वकिली उत्तम चालली. पुढे या पंचवीसेक वर्षांच्या अनुभवांवर त्यांनी इंग्रजीत पुस्तकही लिहिले.

अहमदाबादच्या गुजरात क्लबात त्या काळी वकील मंडळी संध्याकाळी जमत. तिथे पत्त्यांचा डाव मांडून बसणाऱ्यांत वल्लभभाई पटेल नावाचे एक तिखट जिभेचे बॅरिस्टर होते. दक्षिण आफ्रिकेतून आलेले गांधी नावाचे गृहस्थ एकदा क्लबात बोलायला आले, तेव्हा डाव पाहत बसलेले मावळंकर उठून त्यांच्याकडे निघाले. वल्लभभाईंनी त्यांची थट्टा केली. हा गृहस्थ फार तर गव्हातले खडे निवडता येतात का, एवढेच विचारील, असे काहीसे म्हणाले. मावळंकर तरीही गेले. थोड्याच काळात थट्टा करणारे वल्लभभाईही त्याच वाटेने गेले, हे सांगायला नकोच.

यानंतरची वर्षे त्या पिढीतल्या अनेकांसारखीच. १९१८ चा खेडा सत्याग्रह, १९२१ च्या असहकारात वकिलीला रामराम, त्याच वर्षी अहमदाबादेत भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाच्या स्वागत समितीचे काम, १९३० चा मिठाचा सत्याग्रह, १९४२ चे आंदोलन. एकूण सहा वर्षांच्या आसपास तुरुंगवास घडला. १९४२ ते १९४४ या काळात तुरुंगात भेटलेल्या गुन्हेगार कैद्यांच्या खऱ्या हकिगती त्यांनी नंतर गुजरातीत ‘मानवताना झरणां’ या नावाने लिहिल्या. चोर-दरोडेखोर म्हणून समाजाने ज्यांना टाकून दिले, त्यांच्या आतला माणूस या वकिलाला दिसला. दुसऱ्याचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घेण्याची सवय कदाचित याच दिवसांत पक्की झाली असेल.

दुसरी शाळा होती नगरपालिकेची. १९१९ मध्ये ते अहमदाबाद नगरपालिकेवर निवडून आले, १९३७ पर्यंत सदस्य राहिले आणि दोनदा अध्यक्ष झाले. गटार, पाणी, रस्ता, कर, यांवरची भांडणे ज्याने मिटवली, त्याला पुढे राष्ट्राच्या भांडणांचे भय का वाटावे?

आसनाची पहिली ओळख

१९३७ मध्ये प्रांतिक स्वायत्तता आली. मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर मुख्यमंत्री झाले आणि विधानसभेचे सभापती म्हणून मावळंकरांची निवड झाली. समोर विरोधी बाकांवर कोण होते, हे लक्षात घेतले म्हणजे या कामाचे वजन कळते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि जमनादास मेहता यांच्यासारखे कायद्याचा कीस काढणारे सदस्य तिथे होते. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात आंबेडकरांनी कोकणातली खोती नष्ट करण्याचे विधेयक याच सभागृहात मांडले. पुढच्या वर्षी औद्योगिक कलहाच्या विधेयकावर सभागृहात आणि रस्त्यावर, दोन्हीकडे रण माजले. नियम हाताशी असल्याशिवाय अशा माणसांपुढे सभापतीचा निभाव लागत नाही.

पुढे १९३९ मध्ये युद्धाच्या प्रश्नावर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. मावळंकरांचे सभापतिपद मात्र १९४६ पर्यंत राहिले, त्यामुळे प्रांताच्या विधानसभेचे सभापती तुरुंगात, असा विलक्षण प्रकारही या देशाने पाहिला.

जानेवारी १९४६ मध्ये ते दिल्लीत मध्यवर्ती कायदेमंडळाच्या अध्यक्षपदासाठी उभे राहिले. सरकारचा पाठिंबा सर कावसजी जहांगीर यांना होता आणि पारडेही त्यांच्याच बाजूने झुकलेले दिसत होते. मते मोजली तेव्हा मावळंकरांना ६६ आणि कावसजींना ६३. तीन मतांनी इंग्रज सरकार हरले!

या खुर्चीचा वारसा मोठा होता. १९२५ मध्ये वल्लभभाईंचे थोरले बंधू विठ्ठलभाई पटेल तिच्यावर बसलेले पहिले निवडून आलेले भारतीय. सरकारच्या नाकावर टिच्चून निर्णय देणारे, समसमान मते पडली तेव्हा सरकारी विधेयकाविरुद्ध आपले मत टाकणारे, आणि सभागृहाचे सचिवालय सरकारच्या हाताखालून सोडवून घेणारे. परंतु विठ्ठलभाईंच्या काळी समोरचे सरकार परके होते. त्याला अडवणे म्हणजे देशसेवाच. मावळंकरांपुढचा प्रश्न अधिक अवघड होता. १४ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्री ते जुने कायदेमंडळ संपले आणि सरकार आपले झाले. त्याच महिन्यात नेमलेल्या एका समितीचे ते अध्यक्ष झाले. घटना समितीने घटना लिहिण्याचे आणि रोजचे कायदे करण्याचे काम वेगवेगळे करावे, असा सल्ला या समितीने दिला. त्यानुसार १७ नोव्हेंबर १९४७ रोजी कायदे करणाऱ्या सभेचे सभापती म्हणून त्यांचीच निवड झाली. घटना लिहिणाऱ्या सभेवर राजेंद्रबाबू, कायदे करणाऱ्या सभेवर दादासाहेब.

प्रतिस्पर्ध्याचे मत

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर १५ मे १९५२ रोजी लोकसभेत सभापतींची निवड झाली. पंतप्रधान नेहरूंनी मावळंकरांचे नाव सुचवले. विरोधकांच्या वतीने ए. के. गोपालन यांनी नाव सुचवले ते शंकरराव मोरे यांचे. शेतकरी कामगार पक्षाचे, सोलापूरचे खासदार. म्हणजे देशाच्या पहिल्या लोकसभेच्या सभापतिपदासाठी लढत झाली ती दोन मराठी माणसांत! मावळंकरांच्या बाजूने ३९४ मते पडली आणि विरुद्ध ५५. गंमत अशी, की त्या ३९४ मतांत एक मत स्वतः शंकरराव मोऱ्यांचे होते. प्रतिस्पर्ध्याने प्रतिस्पर्ध्याला मत द्यावे, ही जुनी सभ्य रीत आपण पाळली, असे त्यांनी सभागृहातच सांगून टाकले.

आसनावर बसताना मावळंकरांनी आपली भूमिका लपवली नाही. इंग्लंडात सभापती झालेला माणूस पक्ष कायमचा सोडतो, आणि त्या बदल्यात त्याच्या मतदारसंघात त्याला सहसा कोणी विरोध करीत नाही. आपल्याकडे तसा संकेत अजून रुजलेला नाही. तो रुजेपर्यंत सभापतीने पक्ष सोडावा ही अपेक्षा व्यवहार्य नाही, असे त्यांचे मत होते. ते स्वतः काँग्रेसचे राहिले. मात्र पक्षाच्या वादांपासून दूर राहण्याचे बंधन त्यांनी स्वतःवर घालून घेतले. ही कसरत सोपी नव्हती. निवडणुकीत काँग्रेसच्या तिकिटावर उभे राहायचे, आणि निवडून आल्यावर काँग्रेसवाल्यांनाही परके मानायचे! १९५४ च्या ठरावाचे बीज इथेच पडले होते.

पंगत आणि वाढपी

सभागृहात शिस्त राखण्याची साधने तशी ठरलेली आहेत. सभापती उभे राहिले की बाकी सर्वांनी बसायचे. बोलायचे तर सभापतींनी नाव पुकारल्यावरच. बोलायचे तेही सभापतींना उद्देशून. समोरच्या सदस्याशी थेट तोंड लावायचे नाही. ही रीत कोणी काढली असेल त्याला मानवी स्वभाव चांगला ठाऊक असला पाहिजे. भांडलेले दोन भाऊ आईमार्फत बोलू लागले की शब्दांची धार आपोआप बोथट होते, तसेच हे. हरकतीचा मुद्दा आला की निर्णय सभापतींचा. असभ्य शब्द कामकाजातून काढून टाकण्याचा अधिकार त्यांचा. फारच झाले तर सदस्याला बाहेर जायला सांगायचे, आणि त्याहून पुढे गेले तर त्याचे नाव घेऊन निलंबनाचा ठराव सभागृहापुढे ठेवायचा.

पण ही झाली शेवटची औषधे. गावच्या पंगतीत आरडाओरड केव्हा होते? लाडू आपल्या पानापर्यंत येणार नाहीत अशी शंका शेवटच्या ओळीला आली म्हणजे. चांगला वाढपी ओरडून कोणाला गप्प करीत नाही. तो शेवटच्या पानापर्यंत जातो, एवढेच. मावळंकरांची सारी कारकीर्द या एका गोष्टीत सांगता येईल. प्रत्येकाची पाळी येईल याची व्यवस्था त्यांनी नियमांत बांधून ठेवली.

१९५० मध्ये अंदाज समिती आली. सरकारी खर्च खात्याखात्यांत शिरून तपासणारी ही समिती, आणि तिचे पहिले अध्यक्ष अनंतशयनम अय्यंगार. जुलै १९५२ मध्ये कामकाज सल्लागार समिती आली. कोणत्या विधेयकाला किती तास, हे सर्व पक्षांच्या लोकांनी एकत्र बसून आधीच ठरवायचे, म्हणजे सभागृहात वेळेवरून हमरीतुमरी नको. १९५३ च्या डिसेंबरात आश्वासन समिती आली. प्रश्नोत्तराच्या तासात मंत्री उठून पाहतो, करतो, चौकशी करतो म्हणतात आणि विसरतात. मंत्र्याच्या तोंडून निघालेले असे प्रत्येक वाक्य टिपून ठेवायचे आणि त्याचे पुढे काय झाले ते विचारायचे, एवढेच या समितीचे काम. सरकारला गैरसोयीची समिती याहून दुसरी कोणती असेल?

सभागृहाची अब्रू जपण्याचा एक कटू प्रसंगही त्यांच्या काळात आला. १९५१ मध्ये मुंबईचे सदस्य एच. जी. मुद्गल यांनी सराफ बाजाराच्या संघटनेकडून पैसे घेऊन तिच्यासाठी संसदेत प्रश्न विचारले, असा आरोप झाला. नेहरूंनी स्वतः चौकशी समितीचा ठराव मांडला. टी. टी. कृष्णम्माचारी यांच्या समितीने आरोप खरा ठरवला. मतदान होण्याआधी मुद्गलांनी राजीनामा दिला. तरीही ते बडतर्फीलाच पात्र होते, असे सभागृहाने नोंदवून ठेवले. सत्ताधारी पक्षाचा सदस्य असूनही कोणी पांघरूण घातले नाही.

पंतप्रधानांना पत्रे

मावळंकर सरकारचीच बाजू घेतात, असे म्हणणाऱ्यांना तेव्हा ठाऊक नसलेली एक गोष्ट त्यांच्या पत्रव्यवहारात आहे. संसदेचे अधिवेशन नसताना सरकारला अध्यादेश काढता येतो. नवे सरकार ही सोय सढळ हाताने वापरू लागले, तसे मावळंकर अस्वस्थ झाले. नोव्हेंबर १९५० मध्ये त्यांनी संसदीय कामकाज मंत्र्यांना लिहिले, की अध्यादेशाची वाट लोकशाहीला धरून नाही, अगदी निकडीच्या प्रसंगीच ती धरावी. जुलै १९५४ मध्ये त्यांनी थेट नेहरूंना लिहून तोच मुद्दा पुन्हा मांडला. पहिल्या लोकसभेने जे पायंडे पाडले ते पुढच्या लोकसभा गिरवतील. आज सोयीसाठी अध्यादेश निघाले तर उद्या संसद नुसती शिक्का मारणारी होईल, ही त्यांची काळजी. नेहरूंचे म्हणणे असे, की संसदेचे काम सावकाश चालते आणि प्रश्न थांबत नाहीत. दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक होते. गेल्या सत्तर वर्षांत अध्यादेशांचे जे पीक आले ते पाहता, दूरचे कोणाला दिसले होते हे वाचकांनीच ठरवावे.

ठराव कशासाठी होता?

मग विरोधकांचा राग कशासाठी होता? त्याला कारण होते, आणि ते अगदीच पोकळ नव्हते. तहकुबी सूचना हे विरोधकांचे जुने हत्यार. सगळे कामकाज बाजूला ठेवून तातडीच्या प्रश्नावर चर्चा मागायची. इंग्रजांच्या काळात मध्यवर्ती कायदेमंडळात सरकारला जाब विचारण्याचा हाच मोठा मार्ग होता, म्हणून अध्यक्षही ती मोकळ्या हाताने स्वीकारीत. मावळंकरांनी १९५० मध्येच सांगितले, की आता सरकार संसदेला जबाबदार आहे, प्रश्न विचारायला इतर अनेक वाटा आहेत. म्हणून तहकुबी अपवादानेच मिळेल. त्यानंतर एकामागून एक तहकुबी सूचना फेटाळल्या गेल्या. काँग्रेसचे ३६४ आणि त्याखालोखाल कम्युनिस्टांचे १६, अशा सभागृहात विरोधकांच्या हातातले हत्यार काढून घेतले तर त्यांनी करायचे काय? आणखी एक गोष्ट त्यांना खुपत होती. ज्या पक्षाकडे सभागृहाच्या एकदशांश तरी सदस्य नाहीत, त्याला अधिकृत विरोधी पक्ष मानता येणार नाही, हा नियमही मावळंकरांचाच. हाच नियम पुढे २०१४ मध्ये ४४ आणि २०१९ मध्ये ५२ जागा मिळालेल्या काँग्रेसच्या वाट्याला आला, हा काळाचा न्याय!

मात्र एक दार लोटून घेताना दादासाहेबांनी शेजारची तीन उघडली होती, हेही खरे. प्रश्नोत्तरातून निघालेल्या मुद्द्यावर अर्धा तास चर्चा, १९५३ पासून तातडीच्या सार्वजनिक प्रश्नावर अल्पकालीन चर्चा, आणि १९५४ मध्ये आलेली लक्षवेधी सूचना. लक्षवेधी तर इंग्रजांच्या पार्लमेंटातून उचललेली नाही, ती इथलीच. आज आपल्या गावच्या आमदाराने विधानसभेत लक्षवेधी मांडली अशी बातमी आपण वाचतो, तेव्हा तिचे मूळ या काळात आहे.

त्या शनिवारी दोन तासांहून अधिक चर्चा झाली. नेहरूंनी एक मोठी गोष्ट केली. चर्चेचा बराचसा वेळ विरोधकांना द्यावा, असे त्यांनी सुचवले. हा पक्षाचा प्रश्न नाही, काँग्रेसच्या सदस्यांवर पक्षादेशाचे बंधन नाही, प्रत्येकाने सदस्य म्हणून विचार करावा, असे ते म्हणाले. शेवटी ठराव आवाजी मतदानाने फेटाळला गेला. तरी ज्याच्यावर आरोप झाला त्याच्या मनाला काय वाटले असेल? शब्द धुऊन निघत नाहीत. एक मात्र झाले. सभापतीवरही बोट ठेवता येते, त्याची रीत आहे, आणि ते बोट ठेवले म्हणून घर मोडत नाही, हे देशाला कळले.

त्याच वर्षी १४ मे रोजी लोकांच्या या सभागृहाचे नाव यापुढे ‘लोकसभा’ राहील, अशी घोषणा मावळंकरांनीच केली होती. आज तोंडात बसलेला हा शब्द तेव्हापासूनचा.

रिकामे आसन

१९५६ च्या सुरुवातीस त्यांना हृदयविकाराने गाठले. २७ फेब्रुवारी रोजी अहमदाबादेत त्यांचे निधन झाले. वय सदुसष्ट. त्यांच्या जागी अय्यंगार सभापती झाले. ठरावाच्या दिवशी आसन सांभाळणारे तेच. अहमदाबादच्या रिकाम्या जागेवर पत्नी सुशीलाबाई बिनविरोध निवडून आल्या. सभापतीला मतदारसंघात विरोध नसावा, हा संकेत दादासाहेबांच्या हयातीत रुजला नाही. त्यांच्या पश्चात त्यांच्या घराला मात्र तो मान मिळाला.

चिरंजीव पुरुषोत्तम मावळंकर १९७२ च्या पोटनिवडणुकीत अपक्ष म्हणून लोकसभेत गेले. तीन वर्षांनी आणीबाणी आली. विरोधी नेते तुरुंगात, वृत्तपत्रांवर निर्बंध, अशा दिवसांत जे थोडे आवाज सभागृहात उरले त्यांत हा एक होता. ती भाषणे बाहेर छापता येत नव्हती. पण सभागृहात बोलता येत होती. सदस्याला बोलू दिले पाहिजे, या वडिलांनी जपलेल्या नियमाचा आधार मुलाला त्या काळात मिळाला.

पुढे शिवराज पाटील आणि मनोहर जोशी हे आणखी दोन मराठी सभापती त्या आसनावर बसून गेले. डिसेंबर २०२३ मध्ये दोन्ही सभागृहांतले मिळून १४६ खासदार एका अधिवेशनात निलंबित झाले, तेव्हा अनेकांना दादासाहेबांची आठवण झाली असेल. चूक कोणाची, यावर घरोघरी दोन मते असतील, असावीतही. दादासाहेबांनी बहुधा त्यातला एकच प्रश्न विचारला असता: शेवटच्या पानापर्यंत वाढले होते का?